हरणाऱ्या संघाचा ऑफसीझन कसा वाचावा: डेट्रॉइट लायन्सच्या उभारणीवरून

अमेरिकेत नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाची अमेरिकन फुटबॉलशी ओळख बहुधा थँक्सगिव्हिंगच्या दुपारी होते, आणि त्या दुपारी टीव्हीवर डेट्रॉइट लायन्सचा सामना हमखास असतो, कारण १९३४ पासून, मधली काही युद्धकालीन वर्षे वगळता, हा संघ त्या दिवशी खेळत आला आहे. नोव्ही, ट्रॉय, कँटन या डेट्रॉइटजवळच्या भागांत वाहनउद्योगानिमित्त स्थायिक झालेल्या आमच्यासारख्यांचा लायन्स हा आपसूकच घरचा संघ झाला, आणि त्याच्याबरोबर पराभवांची दीर्घ परंपराही वाट्याला आली. २००८ साली या संघाने १६ पैकी १६ सामने गमावले होते. २०२० मध्ये ५ विजय आणि ११ पराभव झाले. तिथून २०२३ मध्ये १२ विजय, तीस वर्षांतले पहिले गटविजेतेपद आणि कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या दोन भागांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यापर्यंतची मजल असा बदल ज्या ऑफसीझनांतून, म्हणजे दोन हंगामांमधल्या काळातून, घडला, ते मी जवळून पाहिले. आपला संघ डबघाईला आलेला असताना त्याच्या ऑफसीझनमधील हालचाली कशा वाचाव्यात, याची जी पद्धत मला त्यातून सापडली ती येथे क्रमाने मांडतो.

पहिली पायरी: संघाची शिल्लक लिहून काढा

आयपीएल पाहणाऱ्याला लिलाव आणि प्रत्येक संघाची ठरावीक थैली परिचित असते. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये नवोदितांचा लिलाव होत नाही. तिथे एप्रिलच्या अखेरीस सात फेऱ्यांचा ड्राफ्ट, म्हणजे नवोदितांची क्रमाने निवड, होतो, ज्यात सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला प्रत्येक फेरीत आधी निवड मिळते, आणि हा निवडीचा हक्क पुढच्या वर्षांसाठीसुद्धा दुसऱ्या संघाला देता-घेता येतो. पगारखर्चाला मात्र सॅलरी कॅपची सक्त मर्यादा असते. महामारीमुळे उत्पन्न घटल्याने ही मर्यादा २०२० मधील १९ कोटी ८२ लाख डॉलरवरून २०२१ मध्ये १८ कोटी २५ लाखांवर आली होती, त्यामुळे त्या वर्षी प्रत्येक संघाचा हात आखडलेला होता.

म्हणून मार्च महिना उजाडण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: पुढच्या तीन वर्षांत संघाच्या हाती पहिल्या तीन फेऱ्यांचे किती हक्क आहेत, कॅपमध्ये किती जागा मोकळी आहे, आणि संघातील उत्तम खेळाडूंची वये काय आहेत. करार संपण्यापूर्वीच सोडलेल्या खेळाडूला आधी दिलेली रक्कम, म्हणजे 'डेड मनी', कॅपमध्ये मोजली जाते, तीही नोंदवावी. हा कागद जपून ठेवावा, कारण त्याचा खरा उपयोग दोन वर्षांनी होतो.

दुसरी पायरी: निर्णय घेणाऱ्यांना किती मुदत मिळाली आहे ते पाहा

जानेवारी २०२१ मध्ये लायन्सने ब्रॅड होम्स यांना जनरल मॅनेजर आणि डॅन कॅम्पबेल यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. पहिल्याच पत्रकार परिषदेत कॅम्पबेल यांनी प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्याची वाटी चावून काढण्याची भाषा केली, आणि देशभर चर्चा झाली ती त्याच एका वाक्याची. परंतु चाहत्याने लक्ष द्यावे अशी बातमी वेगळी होती: कॅम्पबेल यांना सहा वर्षांचा करार मिळाला होता. ज्याची नोकरी पुढच्या डिसेंबरवर अवलंबून आहे तो माणूस तिशी ओलांडलेले नामवंत खेळाडू विकत घेतो, आणि ज्याला मुदत आहे तो एकवीस वर्षांच्या मुलांवर काम करू शकतो. पुढे २०२२ मध्ये संघ १ विजय आणि ५ पराभव अशा अवस्थेत असताना मालकीणबाई शीला फोर्ड हॅम्प यांनी या दोघांवर जाहीरपणे विश्वास व्यक्त केला, तेव्हा ती मुदत केवळ कागदावरची नव्हती हे दिसून आले.

तिसरी पायरी: सर्वांत मोठ्या सौद्याचा हिशेब अखेरपर्यंत मांडा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि इथेच बहुतेक चाहते घाई करतात. मॅथ्यू स्टॅफर्ड हा २००९ च्या ड्राफ्टमधील पहिला खेळाडू आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, होता. बारा हंगाम तो दुखापती सोसून खेळला, पण डेट्रॉइटमध्ये त्याला प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा, एकही सामना जिंकता आला नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या इच्छेनुसार संघाने त्याला लॉस एंजेलिस रॅम्सकडे पाठवले आणि बदल्यात क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, २०२१ मधील तिसऱ्या फेरीचा एक हक्क आणि २०२२ व २०२३ मधील पहिल्या फेरीचे दोन हक्क मिळवले. गॉफला त्याचा जुना संघ कंटाळला होता, म्हणून तो केवळ तात्पुरती सोय आहे असेच आमच्यापैकी अनेकांना वाटले. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टॅफर्डने रॅम्सबरोबर सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकला. त्याच्यासाठी मनापासून आनंद झाला, आणि आपण हिरा देऊन काच घेतली की काय अशी भीतीही वाटली.

परंतु हिशेब संपलेला नव्हता. रॅम्स विजेते ठरल्यामुळे २०२२ चा हक्क ३२ व्या क्रमांकाचा आला, आणि तो इतर हक्कांसह देऊन लायन्सने १२ व्या क्रमांकावर चढून रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, जेम्सन विल्यम्स याला निवडले. पुढच्याच हंगामात रॅम्सची ५ विजय आणि १२ पराभव अशी घसरण झाली, त्यामुळे २०२३ चा हक्क थेट सहावा निघाला. होम्स यांनी तो ॲरिझोनाला देऊन १२ वा आणि ३४ वा क्रमांक घेतला, आणि त्यांतून चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक जाहमिर गिब्स आणि अडवणारा व झेलणाराही असा टाइट एंड सॅम लापोर्टा आले. गॉफ तर टिकलाच, आणि मे २०२४ मध्ये त्याला चार वर्षांचा २१ कोटी २० लाख डॉलरचा नवा करार मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये लायन्सने १९९१ च्या हंगामानंतरचा पहिला प्लेऑफ विजय मिळवला तो स्टॅफर्डच्याच रॅम्सविरुद्ध, २४-२३ असा. त्या रात्री आमच्या बैठकीच्या खोलीत कोणालाही शांत बसवत नव्हते.

तेव्हा मोठा सौदा झाला की त्याखाली एक मोकळा रकाना ठेवावा आणि मिळालेला शेवटचा हक्क प्रत्यक्ष खेळाडूत बदलेपर्यंत निकाल लिहू नये. या सौद्यात त्याला सव्वादोन वर्षे लागली.

चौथी पायरी: पहिली गुंतवणूक कुठे झाली ते तपासा

ड्राफ्टमध्ये चाहत्यांची नजर क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर यांच्यावर असते. क्वार्टरबॅकसमोर उभे राहून त्याचे रक्षण करणाऱ्या पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन मात्र टीव्हीवर क्वचितच दाखवली जाते. घराचा पाया जसा रस्त्यावरून दिसत नाही, तसेच हे आहे. टेलर डेकर २०१६ मध्ये आणि सेंटर फ्रँक रॅग्नाव २०१८ मध्ये पहिल्या फेरीत आलेले होते, म्हणजे ही कमाई जुन्या व्यवस्थापनाची होती. नव्या व्यवस्थापनाने ती मोडली नाही आणि स्वतःचा पहिलाच हक्क, २०२१ मधील सातवा, पेनेई स्यूएल या टॅकलवर, म्हणजे याच रांगेतल्या खेळाडूवर, खर्च केला. गॉफ हा पळून सुटका करून घेणारा क्वार्टरबॅक नाही. त्याला उभे राहून चेंडू फेकायला जागा लागते, आणि ती या रांगेने दिली. स्यूएलने पुढे २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधील सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात स्थान मिळवले.

याच्या उलट उदाहरण क्लीव्हलंड ब्राउन्सचे आहे. २०१६ मध्ये १ आणि २०१७ मध्ये शून्य विजय मिळवताना त्या संघाने ड्राफ्टचे हक्क भरपूर साठवले. पण मार्च २०२२ मध्ये पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि पूर्ण हमीचा २३ कोटी डॉलरचा करार असे सारे एकट्या क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनसाठी पणाला लावले. साठा करण्याच्या कामाइतकीच तो कशावर खर्च होतो याची नोंद आवश्यक असते.

पाचवी पायरी: फ्री एजन्सीच्या बातम्यांना मर्यादित वजन द्या

मार्चच्या मध्यात करारमुक्त खेळाडूंची खरेदी सुरू होते. दुबळ्या संघाने या काळात लहान मुदतीचे, माफक रकमेचे करार केले तर निराश होऊ नये. २०२१ मध्ये ग्रीन बेहून असाच आलेला जमाल विल्यम्स पुढच्या वर्षी धावून १७ टचडाउन (चेंडू अंतिम रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) करत लीगमध्ये अव्वल ठरला.

सहावी पायरी: चौथ्या फेरीपर्यंत जागे राहा, आणि विश्लेषकांनी दुसऱ्या दिवशी दिलेले गुण वाचू नका

ॲमन-रा सेंट ब्राउन हा रिसीव्हर २०२१ मध्ये चौथ्या फेरीत, ११२ व्या क्रमांकावर मिळाला. त्याच्या आधी १६ रिसीव्हर निवडले गेले होते. बचावातला सेफ्टी कर्बी जोसेफ २०२२ मध्ये तिसऱ्या फेरीत आला. उलट २०२३ मध्ये गिब्सला १२ वा आणि बचावातल्याच लाइनबॅकर जॅक कॅम्पबेलला १८ वा क्रमांक दिल्याबद्दल विश्लेषकांनी होम्स यांच्यावर सडकून टीका केली होती, आणि दोघेही पुढे संघाचे आधारस्तंभ झाले. सगळेच अंदाज बरोबर आले असे मात्र नाही. २०२१ च्या दुसऱ्या फेरीतील लिव्हाय ऑनवुझुरिके पाठीच्या दुखापतीमुळे २०२२ चा संपूर्ण हंगाम खेळू शकला नाही. अशा नोंदीही कागदावर प्रामाणिकपणे कराव्यात.

सातवी पायरी: हंगाम सुरू झाल्यावर पराभवांची प्रत लावा

पुनर्बांधणीच्या पहिल्या वर्षी विजय मोजून फारसे काही कळत नाही. २०२१ मध्ये पहिल्या विजयासाठी आम्हाला बाराव्या सामन्यापर्यंत थांबावे लागले, आणि ५ डिसेंबरला मिनेसोटाविरुद्ध शेवटच्या क्षणी गॉफने सेंट ब्राउनकडे फेकलेल्या चेंडूवर तो मिळाला. त्याआधी बाल्टिमोरच्या जस्टिन टकरने ६६ यार्डांवरून मारलेला, आडव्या दांडीवर आदळून पलीकडे गेलेला, त्या वेळचा विक्रमी फील्ड गोल आमच्या हातचा सामना घेऊन गेला होता. अशा प्रत्येक पराभवापुढे तीन प्रश्न लिहावेत: शेवटच्या पावतासात सामना जिवंत होता का, नवोदितांना मैदानावर किती वेळ मिळाला, आणि प्रशिक्षकाने चालत नसलेली गोष्ट बदलली का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्याच हंगामात मिळाले: कॅम्पबेल यांनी आक्रमणाची सूत्रे स्वतःकडे घेतली, आणि पुढच्या वर्षी ती तरुण बेन जॉन्सन यांच्याकडे सोपवली.

दुसऱ्या वर्षी मात्र विजय मोजायला सुरुवात करावी. २०२२ मध्ये १-६ अशा सुरुवातीनंतर लायन्सने उरलेल्या दहापैकी आठ सामने जिंकले. त्यातला शेवटचा जानेवारी २०२३ मध्ये ग्रीन बेच्या लॅम्बो मैदानावर झाला. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका निकालामुळे आमचे प्लेऑफचे दार आधीच बंद झाले होते, तरीही संघाने २०-१६ असा विजय मिळवून ग्रीन बेलाही बाहेर ठेवले. सामना संपल्यावर मी मार्च २०२१ पूर्वीचा तो कागद काढला आणि वयाच्या रकान्यावरून बोट फिरवले. त्या रात्री मैदानावर असलेले सेंट ब्राउन, स्यूएल, जोसेफ आणि एडन हचिन्सन हे चौघेही २३ वर्षांचे किंवा त्याहून लहान होते, आणि चौघांपैकी एकाचेही नाव त्या कागदावर नव्हते.