घरी रुग्णासाठी गाणी लावताय? या चुका टाळा

बाबांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली, सोबत वाचाही गेली. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मी मोबाइलवर 'आरोग्यदायी राग' अशा नावाची तीन तासांची बासरी लावली, फोन त्यांच्या उशाशी ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. परत येऊन बघते तर बाबा डाव्या हाताने उशी ओढून कानावर घेत होते. याहून स्पष्ट ते काय सांगणार होते? तरी मला ते कळायला आठवडा लागला. चांगलं संगीत कुणाला त्रास देईल हे मनातच येत नव्हतं.

बाबांनी आयुष्यात कधी हौसेने बासरी ऐकली नव्हती. ते भजनी मंडळातले, टाळ-पखवाजात वाढलेले. आपल्याला जे शांत वाटतं ते रुग्णालाही शांत वाटेल असं धरून चालणं, ही माझी पहिली चूक आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. हेलसिंकीत पक्षाघाताच्या 60 रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला दोन महिने रोज किमान तासभर संगीत, दुसऱ्याला ध्वनिमुद्रित पुस्तकं, तिसऱ्याला यातलं काहीच नाही. नेहमीचे उपचार तिघांनाही चालू होते. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता इतरांपेक्षा जास्त सुधारली. ही बातमी आपल्याकडे पोहोचते, पण तिच्यातली एक गोष्ट वाटेत गळून पडते: संगीत ज्याचं त्याने निवडलेलं होतं.

निवड सांगता येत नसेल तर घरच्यांनी शोधायची. माणूस पंधरा ते पंचवीस वर्षांचा असताना काय ऐकत होता, हे भावंडांना, जुन्या मित्रांना विचारा. त्या वयातली गाणी सहसा सगळ्यात खोल रुतलेली असतात. एकावेळी दोन-तीनच लावा आणि चेहऱ्याकडे बघा. कपाळावरची आठी, चाळवाचाळव, मान फिरवणं दिसलं की बंद करा. बोटं हलली, ओठ पुटपुटले, श्वास संथ झाला तर ते गाणं वहीत लिहून ठेवा. डोळ्यांत पाणी आलं म्हणून घाबरू नका, पण रडून मोकळं झाल्यासारखं वाटतंय की माणूस आणखी मिटून जातोय, ते पाहा. मिटत असेल तर ते गाणं यादीतून काढा. बाबांच्या वहीत शेवटी अकरा गाणी उरली, त्यातलं एकही मी आधी निवडलेलं नव्हतं.

रागांचा तक्ता आणि जादूचा आकडा

अमुक राग रक्तदाबावर, तमुक मधुमेहावर, असा तक्ता व्हॉट्सॲपवर फिरत असतो. रागांवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच हे तक्ते मला खुपतात. एकच राग संथ लयीच्या विलंबित ख्यालात ऐका आणि जलद लयीच्या द्रुत तराण्यात ऐका. शरीरावर होणारा परिणाम सारखा कसा असेल? श्वास आणि नाडीवर सगळ्यात आधी फरक पडतो तो लयीने. रागाचं नाव त्यानंतर. हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर बांधून दिलेले आहेत, पण कर्नाटक संगीतात मैफली त्या काटेकोरपणाने घड्याळाकडे बघत नाहीत, आणि तिथले श्रोतेही तेवढेच तृप्त होऊन उठतात.

432 हर्ट्झचंही तसंच. या एका कंपनसंख्येत बरं करण्याची शक्ती आहे म्हणतात. आपल्याकडे तर षड्जच, म्हणजे मूळ सा, ठरलेला नसतो. कुणी पेटीच्या काळी एक पट्टीमध्ये गातं, कुणी काळी पाचमध्ये, ज्याच्या गळ्याला जो सोसेल तो सा. एकाच आकड्यात गुण असता तर आपलं निम्मं संगीत निर्गुण ठरलं असतं.

तक्त्यावर विसंबून गोळ्या बंद करू नका. भीती कमी होणं, वेदना सुसह्य होणं, झोप लागणं यात संगीताची मदत होते. शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या 73 चाचण्यांचा आढावा 2015 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. संगीत ऐकलेल्यांची वेदना आणि चिंता कमी होती, वेदनाशामकंही कमी लागली. कमी लागली, हे लक्षात घ्या. बंद झाली नाहीत.

"गाता येतं, मग बोलत का नाही?"

हा प्रश्न आमच्या घरातही विचारला गेला, आणि बाबांच्या तोंडावर. ज्यांना 'पाणी' म्हणता येत नव्हतं त्यांनी गणपतीत अख्खी आरती शब्दांसकट म्हटली. सगळ्यांना आनंद झाला आणि दुसऱ्या दिवसापासून अपेक्षांचं ओझं सुरू झालं. मुद्दाम करतात, आळस करतात, इथपर्यंत.

यात आळस नसतो. वाचेची केंद्रं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतात. गाण्याचं काम उजवी बाजूही उचलते, आणि वर्षानुवर्षं घोकलेली आरती, आकडे, वारांची नावं अशा गोष्टी आपोआप बाहेर पडतात. नवं वाक्य जुळवणं हे वेगळं काम आहे. या फरकाचाच उपयोग करून बॉस्टनमध्ये 1973 च्या सुमारास एक पद्धत तयार झाली. रोजच्या गरजेचा शब्द दोन स्वरांत, लांबवून म्हणायचा आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका द्यायचा. पा-णी. च-हा. मग हळूहळू सूर काढून घेत शब्द बोलण्याकडे न्यायचा. हे वाचोपचार तज्ज्ञाकडून शिकून घ्या. व्हिडिओ बघून आम्ही चार दिवस केलं, तेव्हा ठेका एकीकडे आणि शब्द दुसरीकडे जात होता. तज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत वेग निम्म्यावर आणला.

चालताना चुकीचा ठेका

पार्किन्सन्समध्ये किंवा पक्षाघातानंतर ठेक्यावर चालण्याचा सराव खरंच उपयोगी पडतो. पाय अडखळला की कान त्याला पुढे नेतो. पण उत्साहाच्या भरात लोक लेझीमचा ठेका लावतात, माणूस त्या वेगामागे धावतो आणि पडतो. आधी रुग्ण स्वतःच्या चालीने मिनिटाला किती पावलं टाकतो ते मोजा. समजा 70, तर ठेकाही 70 चाच. वेग वाढवायचा तो फिजिओथेरपिस्टने, थोडा थोडा, बाजूला आधाराला माणूस ठेवून. आणखी एक, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, बघून कळलं: दादरा ताल नको. तीन-तीनच्या वजनात जोर एकदा डाव्या पायावर येतो, एकदा उजव्यावर, आणि आधीच गोंधळलेला पाय अधिक गोंधळतो. चार-चारच्या वजनाचा केरवा दोन पायांना सरळ बसतो.

झोपेसाठी लावलं आणि झोपच उडाली

बहुतेक वेळा दोष गाण्याचा नसतो. मध्येच दुप्पट आवाजात जाहिरात येते. पुढचं गाणं फोन आपल्या मनाने लावतो. पडद्याचा उजेड डोळ्यांवर येतो. म्हणून रेकॉर्डिंग आधीच उतरवून घ्या, अर्ध्या तासाने आपोआप बंद होईल असं करा आणि फोन पालथा ठेवा. शब्दांची गाणी काहींना विचारांत ओढतात, त्यांच्यासाठी नुसता तंबोरा पुरतो.

आवाजाबद्दल थोडक्यात: मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास, 90 डेसिबलला फक्त 4 तास अशी आहे. वयस्कर माणसाला ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवण्याआधी त्यांचं श्रवणयंत्र कानात आहे का, ते बघा. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या खोलीत टीव्ही आणि भजन एकदम नको. दोन्हीकडून येणारे शब्द त्यांना वेगळे करता येत नाहीत आणि संध्याकाळची चिडचिड वाढते.

बरं करून देतो म्हणणारे

घरी गाणी लावणं आणि संगीतोपचार यात अंतर आहे. प्रशिक्षित संगीतोपचारक आधी रुग्णाची पाहणी करतो, काय साधायचं ते ठरवतो, डॉक्टरांशी बोलतो, नोंदी ठेवतो, जमत नसेल तर पद्धत बदलतो. शिक्षण कुठे घेतलं, हे विचारायला संकोचू नका. पहिल्याच भेटीत पूर्ण बरं करण्याची हमी देणाऱ्याकडे परत जाऊ नका. गाणं ऐकताना कुणाला झटका आला किंवा भान हरपल्यासारखं झालं, तर गाणं बंद करून लगेच डॉक्टरांकडे जा. दुर्मीळ असलं तरी संगीताने झटके येणारी अपस्माराची एक जात असते.

राहिली शेवटची चूक, जी मी सगळ्यात उशिरा सोडली: दिवसभर काहीतरी वाजत ठेवणं. इटलीत पाव्हिया विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांना वेगवेगळं संगीत ऐकवून श्वास, नाडी, रक्तदाब मोजले. 2006 मध्ये त्यांनी जे मांडलं ते वाचून मी थबकले. सगळ्यात जास्त विसावा संगीतात मध्येच ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत दिसला होता. आता आमच्याकडे सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं, एवढंच. गाणं संपलं की पाच मिनिटं खोलीत कुणी बोलत नाही, मी कुकरही तेवढा वेळ थांबवते. बाबांचा डावा हात चादरीवर बराच वेळ टाळाचा ठेका धरून असतो.