वाय-फाय चॅनेलमधून किल्ली काढताय? या चुका टाळा

दोन ईएसपी३२ (वाय-फाय असलेले छोटे, स्वस्त) बोर्ड एकमेकांना पॅकेटं पाठवून मधल्या रेडिओ चॅनेलचे म्हणजे लहरींच्या वाटेचे चढउतार मोजतात. ते दोघांना सारखेच दिसतात, म्हणून त्यांतून दोन्हीकडे एकच गुप्त किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करायची बिटांची माळ, काढता येते. हा भौतिक स्तरावरच्या, म्हणजे रेडिओ लहरींवरच बेतलेल्या सुरक्षेचा स्वस्तातला प्रयोग. दोन्हीकडच्या किल्ल्या जुळल्या की काम फत्ते, असं समजून पुष्कळजण थांबतात. खरी परीक्षा म्हणजे चोरून ऐकणाऱ्या तिसऱ्या बोर्डाला ती किल्ली कळते का, ही.

बिटच जुळत नसतील तर आधी वेळ बघा. बोर्ड सेकंदाला १ मीटर वेगाने हलवला तर २.४ गिगाहर्ट्झला चॅनेल साधारण ५० मिलिसेकंदांत पालटतो. त्यामुळे पॅकेट आलं की उत्तर १-२ मिलिसेकंदांत गेलंच पाहिजे. इथे नेहमी सापडणारा वेळखाऊ म्हणजे संगणकाकडे आकडे पाठवणारा सिरियल पोर्ट: ११५२०० बॉडच्या (सेकंदाला तेवढे बिट) वेगाने मोजमापाचे १२८ आकडे छापायला ३५-४० मिलिसेकंद सहज जातात. आकडे मेमरीत साठवा, छपाई नंतर. कच्चा फेजही (लहर आपल्या आवर्तनात कुठे आहे तो कोन) वापरू नका. दोन्ही बोर्डांची घड्याळं वेगळी चालतात.

बोर्ड टेबलावर स्थिर ठेवले तर बिट छान जुळतात, पण तेच ते येत राहतात. अशी किल्ली कुचकामी. दुसरा भ्रम ५२ उपवाहकांचा, म्हणजे वाय-फाय चॅनेल ज्या बारीक पट्ट्यांत विभागलेला असतो त्यांचा: ५२ पट्ट्या म्हणजे ५२ स्वतंत्र मोजमापं, असं वाटतं. खोलीतली परावर्तनं मागेपुढे पोचतात; त्यांचा पसारा ५० नॅनोसेकंद धरला तर सुमारे ४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले, म्हणजे डझनभर शेजारी एकत्रच वरखाली होतात. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमधून एका वेळी स्वतंत्र मोजमापं चार-पाचच मिळतात, ५२ नव्हे.

मग दोन्हीकडचे न जुळलेले बिट दुरुस्त करताना माहितीची गळती होते. २५६ बिटांत ५ टक्के चुका असतील तर त्या मिटवायला किमान ७४ बिटांची माहिती उघड्यावर पाठवावी लागते, प्रत्यक्षात जास्तच. पाठवलेला प्रत्येक पॅरिटी बिट (काही बिटांची बेरीज सम की विषम हे सांगणारा) मोजून किल्लीच्या गुप्त बिटांतून वजा करा. शेवटी किल्ली घोटून काढणारं एसएचए-२५६ हे हॅश गणित नेहमी २५६ बिटच देतं, म्हणून तेवढी अनिश्चितता त्यात आली असं होत नाही.

'अर्ध्या तरंगलांबीपलीकडे, म्हणजे सव्वासहा सेंटीमीटरवर, चोराला काही कळत नाही' हा नियम चहूबाजूंनी परावर्तनं येतात तिथेच चालतो. गच्चीवर समोरासमोर ठेवलेल्या बोर्डांना तो लावू नका. तिसरा बोर्ड ६, १२, २५ आणि ५० सेंटीमीटरवर ठेवून त्याच्या मोजमापांचा तुमच्या मोजमापांशी सहसंबंध काढा, आणि दारातून कोणीतरी ठरावीक लयीत ये-जा करत असतानाही काढा: मार्ग अडवून हवे ते बिट उमटवण्याचा हल्ला असाच होतो.

समोरचा बोर्ड खरा कोणता, हे मात्र चॅनेल सांगत नाही. त्यासाठी ओळखीची वेगळी सोय लागते, उदाहरणार्थ सुरुवातीलाच दोन्हीकडे भरलेलं एक सामायिक गुपित.