खेळातून डब्याकडे: बालवाडीत ‘आधी–मग’ पाटी कशी वापरावी

मूल ठोकळे रचतं, गाणं ऐकतं, आणि ‘चला, डबे काढा’ म्हटलं की जमिनीवर आडवं होतं. स्वमग्नता असो, बोलणं उशिरा येणं असो, गाडी बहुतेकदा अडते ती एक काम सोडून दुसरं धरताना. तिथे कामी येते ‘आधी–मग’ पाटी: पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी दोन फोटो, आधी काय आणि मग काय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. ही पाटी वापरायला त्यातला कुठलाच शिक्का लागत नाही. मात्र हाकेला मूल वळतच नसेल, तर आधी कान तपासून घ्या.

पुठ्ठा, वेलक्रो, पोस्टकार्डाएवढे फोटो आणि झाकणाचा एक रिकामा डबा, त्यावर ‘संपलं’. फोटो आपल्याच वर्गातले हवेत. नेटवरच्या चित्रातलं सँडविच म्हणजे आपली पोळीभाजी, हे चार वर्षांच्या मुलाने कसं ओळखायचं? चकचकीत लॅमिनेशन नको, त्यावर ट्यूबलाइट चमकते. नजर अधू असेल तर फोटोऐवजी वस्तूच द्या: डब्यासाठी चमचा, मैदानासाठी चेंडू.

पहिला आठवडा फक्त गोड जोड्या: आधी हात धुणं, मग खेळायची गाडी. पाटी पहिल्यांदा दिसली तीच खेळ थांबवायला, तर ती कायमची वाईट बातमी होऊन बसते.

खरी कसोटी आवडता खेळ थांबवण्याची. ‘पाच मिनिटं राहिली’ हे या वयात निरर्थक आहे. ‘अजून तीन ठोकळे’ म्हणा आणि तीनच हातात द्या. तिसरा लागला की खेळाचा फोटो त्यालाच काढून ‘संपलं’ डब्यात टाकू द्या. दुसऱ्या फोटोवर बोट ठेवा, ‘मग डबा’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. मनात दहा मोजा.

सगळं बिघडतं ते याच दहा अंकांत. तिसऱ्या अंकालाच ताई पुन्हा सांगतात, मदतनीस मागून ‘ऊठ ना राजा’ करते, शेजारची पोरं ओरडतात. प्रत्येक नवं वाक्य मुलाला पहिल्यापासून उलगडावं लागतं. दहानंतरही हललं नाही, तर न बोलता पुन्हा फोटोवर बोट. तरीही नाही, तर त्याचा डबाच हातात द्या. दंड धरून ओढणं नको, आणि रडण्यावर ठोकळे परत देणं तर मुळीच नको. उद्या ते आणखी मोठ्याने रडेल.

शब्द सगळ्यांचा एकच. घरी ‘खाना’ म्हणत असतील तर वर्गातही ‘खाना’, आईला विचारा.

पाटीवर दाखवलं ते झालंच पाहिजे. जुलैत मैदानाचा फोटो लावण्याआधी खिडकीबाहेर बघा. धमकीसाठी पाटी उगारली, तर दुसऱ्या दिवशी मूल ती फेकून देईल, आणि ते बरोबरच असेल.

दोन फोटो जमले की तीन, मग चार. पाटी काढायची घाई नको. जूनमध्ये पहिलीत जाताना ती दप्तरात द्या आणि नव्या बाईंना वापरून दाखवा.