तळ्यावर रात्री कोण येऊन गेलं?

आमच्या पोफळीच्या बागेत जांभ्याने बांधलेलं तळं आहे. पाणी शिंपण्यासाठी बांधलं, मग त्यात मासे आले, आणि माशांमागोमाग जंगल आलं. मासे कमी झाले की शेजारीपाजारी पहिलं काम करतात ते वरून जाळं अंथरायचं. ते करू नका. सैल जाळ्यात बहुतेक वेळा दिवड, म्हणजे पाण्यातला साप, अडकून मरते. आधी कोण येतंय ते शोधा, कारण प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा.

पाण्याकडे उतरायच्या वाटेवर हातभर रुंद मऊ मातीचा पट्टा ठेवा. संध्याकाळी ओल्या गोणपाटाने सारखा करा आणि सकाळी ऊन तिरकं असतानाच पाहा. तेव्हा ठसा उठून दिसतो, डोक्यावर ऊन आलं की काही कळत नाही. दोन्ही बाजूंना नखवाली पावलं आणि मधून शेपटीची नागमोडी रेघ असेल तर घोरपड. पाच बोटं फाकलेली, आणि जवळच्या चिऱ्यावर माशांचे खवले नि खेकड्याची कवचं भरलेली उग्र वासाची विष्ठा दिसली, तर पाणमांजर. चार गोल बोटं, नखं उमटलेली नाहीत, म्हणजे मांजराच्या जातीतलं. ठसा ४-५ सेंमी रुंद असेल तर रानमांजर, ७ सेंमीच्या आसपास किंवा मोठा असेल तर बिबट्या. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात. मासे गेले पण माती कोरी, तर खंड्या पक्ष्यावर नजर ठेवा.

ढोकरी, म्हणजे छोटा बगळा, उथळ पाण्यात उभी राहून मासे टिपते, म्हणून काठालगत दोन फूट खोली हवीच. पण एका कोपऱ्यात खडबडीत चिऱ्यांच्या पायऱ्या ठेवा, नाहीतर पडलेलं जनावर बुडून मरतं. खंड्यासाठी कमळाची पानं पसरू द्या आणि तळाशी जुनी कौलं रचा. मासे खाली लपतात. पाणमांजरं मात्र टोळीने येतात आणि छोटं तळं रिकामं करतात. त्यांना अडवायचं तर तारेची जाळी जमिनीत पुरून खालची कड बाहेर वळवावी लागते. माझं मत विचाराल तर रोहूचा नाद सोडा, डासांसाठी गप्पी ठेवा.

बिबट्याचं गणित माशांचं नाहीच. तो पाण्याला येतो, नाहीतर कुत्र्याला. कुत्रा रात्री घरात घ्या, कोंबड्या पक्क्या खुराड्यात, तळ्याभोवतीची घाणेरीची झुडपं मुळासकट काढा, आणि अंधार पडल्यावर पोरांना एकटं पंप बंद करायला पाठवू नका. बिबट्या तळ्यात किंवा विहिरीत पडलाच तर वनखात्याच्या १९२६ वर फोन करा आणि माणसं लांब ठेवा. खरा धोका गर्दीचा असतो. सापळा लावायचा विचारही नको. बिबट्या असो, पाणमांजर असो की घोरपड, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

दिवड दिसली तर राहू द्या. ती बिनविषारी असते. हातात धरली तर मात्र कडकडून चावते.