ओट्याखालचा गरम पाण्याचा हीटर: वापर आणि देखभाल

ब्रिटनमधील अनेक घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर रेडिएटर नसतो, कारण कपाटे, फ्रीज आणि ओटा यांनी भिंत आधीच व्यापलेली असते. अशा वेळी ओट्याखालच्या कपाटांच्या तळाशी, जमिनीलगतच्या फळीत, एक लांबट जाळी दिसते. ती प्लिन्थ हीटरची असते. भारतातून नोकरीनिमित्त आलेली मंडळी त्याला बहुधा विजेचा हीटर समजतात आणि बिलाच्या धास्तीने तो बंदच ठेवतात. वास्तविक त्यात विजेवर चालतो तो केवळ एक लहान पंखा, आणि तो बहुधा शंभर वॉटपेक्षाही कमी वीज घेतो. उष्णता येते ती घरभर फिरणाऱ्या बॉयलरच्या पाण्यातून.

जाळीच्या मागे तांब्याची नळी असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे दाटीवाटीने बसवलेले असतात. नळीतून गरम पाणी वाहते, पंखा खोलीतली हवा त्या पत्र्यांमधून ढकलतो आणि तापलेली हवा जाळीतून बाहेर येते. पंख्यामुळे इतक्या लहान वस्तूला मोठ्या रेडिएटरचे काम जमते; मात्र पाणी जेवढी उष्णता आणील तेवढीच पंखा पुढे देऊ शकतो, आणि पुढील बहुतेक तक्रारींचे मूळ याच गोष्टीत आहे.

हीटर सुरू करताना प्रथम बॉयलरवर फक्त नळाचे गरम पाणी नव्हे तर घर तापवण्याची व्यवस्थाही चालू आहे ना, हे पाहावे. त्यानंतर ओट्यावरील भिंतीतले, फ्यूज असलेले बटण दाबावे आणि हीटरच्या स्वतःच्या बटणावर हिवाळ्याची खूण निवडावी. पंखा लगेच फिरला नाही तर तो बिघडला असे समजू नये. नळीला चिकटवलेला एक छोटा थर्मोस्टॅट पाणी साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापेपर्यंत पंख्याला रोखून धरतो, नाहीतर थंडीत पायांवर गार वारा आला असता. घराची व्यवस्था बंद झाल्यावर पाणी निवते आणि पंखा आपोआप थांबतो. बऱ्याच मॉडेलांना खोलीचे तापमान कळत नाही, त्यामुळे खोली उबदार झाली की बटण आपणच बंद करावे लागते. आरंभी वेगवान आणि नंतर मंद गती ठेवणे मला सोयीचे वाटते. मंद गतीत आवाजही कमी येतो. उन्हाळ्याची खूण असल्यास त्या स्थितीत पाण्याशी संबंध न ठेवता केवळ पंखा चालतो.

गॅस वाचवण्यासाठी कंडेन्सिंग बॉयलरचे (बाहेर जाणाऱ्या धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणाऱ्या बॉयलरचे) पाणी ६० अंशांवर आणावे, असा सल्ला ब्रिटनमध्ये दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण त्याचा हीटरवर होणारा परिणाम ठाऊक असावा. येथील रेडिएटरची क्षमता पाणी आणि खोली यांच्या तापमानांत सरासरी ५० अंशांचा फरक धरून लिहिलेली असते. तो फरक ३५ अंशांवर आला की पंख्याच्या हीटरची उष्णता सुमारे ७० टक्क्यांवर येते, तर साध्या रेडिएटरची त्याहून थोडी अधिकच घटते. बॉयलरऐवजी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता आत आणणारे विजेचे यंत्र, बसवल्यास पाणी याहून कोमट असते आणि जुना थर्मोस्टॅट अनेकदा पंखा सुरूच होऊ देत नाही. अशा घरात कमी तापमानाचा थर्मोस्टॅट किंवा त्यासाठीच बनवलेले मॉडेल लागते.

देखभालीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे धूळ. जमिनीलगत असल्यामुळे हा हीटर झाडताना उडालेला कचरा ओढून घेतोच, आणि आपल्या स्वयंपाकघरात त्यात फोडणीच्या तेलकट वाफेची आणि पोळ्यांच्या पिठाची भर पडते. त्यामुळे वर्षातून एकदा पुरे असे सांगितले जात असले, तरी रोज स्वयंपाक होणाऱ्या घरात सप्टेंबरअखेर आणि पुन्हा जानेवारीत सफाई करावी. आधी भिंतीतले बटण बंद करावे, हीटर निवू द्यावा आणि मग जाळी काढावी. व्हॅक्यूमला मऊ ब्रश लावून पत्र्यांच्या दिशेने हलक्या हाताने धूळ ओढून घ्यावी. पत्रे सहज वाकतात आणि त्यांच्या कडा बोट कापतात, म्हणून हातमोजे घालावेत. पाणी किंवा फवारा आत मारू नये. जाळी मात्र साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण सुकवून परत बसवावी.

पंखा फिरतो पण हवा जेमतेम कोमट येते, किंवा आत पाणी खळखळते, तेव्हा नळीत बहुधा हवा अडकलेली असते. घराची व्यवस्था बंद करून पाणी निवल्यावर, हवा सोडण्याच्या स्क्रूखाली फडके धरून तो अर्धा वळसा सैल करावा आणि फुसकारा थांबून पाणी आले की घट्ट करावा. नंतर बॉयलरवरचा दाब पाहावा: थंड असताना तो १ ते १.५ बार असावा, कमी असल्यास भरणाच्या नळीतून पाणी सोडावे. बाहेर आलेले पाणी काळे असेल तर तो रेडिएटरच्या आतल्या लोखंडाचा गंज आहे; मग व्यवस्था धुऊन त्यात गंजरोधक रसायन घालून घ्यावे.

हवा काढूनही फरक न पडल्यास, पाणी जवळच्या सोप्या वाटेने, म्हणजे मोठ्या रेडिएटरांतून, निघून जात असते. त्या रेडिएटरांच्या टोपीखालचे व्हॉल्व थोडे आवळून पाणी हीटरकडे वळवावे लागते. पाणी नीट तापूनही पंखा निश्चल असेल तर आधी भिंतीतला ३ अँपिअरचा फ्यूज तपासावा. त्यापुढचे काम इलेक्ट्रिशियनचे, आणि बॉयलरचे झाकण उघडण्याचे काम गॅस सेफ या ब्रिटनमधील अधिकृत गॅस-कारागिरांच्या यादीत नोंदणी असलेल्याचेच. इंग्लंडमध्ये घर भाड्याचे असल्यास १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्यानुसार हीटिंगची दुरुस्ती सामान्यतः घरमालकाकडे असते, म्हणून बिघाडाची माहिती त्याला लेखी कळवावी.