फोर्थ ॲक्सिस अडला? ड्राइव्ह खोलण्याआधी हवा बघा

फनुक ०-एम कंट्रोलची जुनी व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशिन), टेबलावर एका बाजूला रोटरी (जॉब फिरवणारं गोल टेबल, म्हणजेच चौथा किंवा 'ए' ॲक्सिस), आणि पाळी सुरू होताच स्क्रीनवर अलार्म ४४१. सर्व्होचा अलार्म म्हटल्यावर सगळ्यांची नजर ड्राइव्हकडे, म्हणजे मोटर चालवणाऱ्या युनिटकडे वळते. पण एक्स-वायला नसलेली एक गोष्ट रोटरीला असते, ती म्हणजे टेबल घट्ट धरणारा ब्रेक. माझ्या अनुभवात भानगड बहुधा तिथेच निघते.

आधी आकडा नीट वाचा. ४४१ म्हणजे चौथा ॲक्सिस फिरताना हुकमाच्या मागे पडला. ४४० म्हणजे तो थांबलेला असताना जागेवरून ढकलला गेला. ४४४ आला तर डायग्नोस्टिकमध्ये ७२३ नंबर उघडा. ओव्हरलोड आहे, करंट जादा आहे की फीडबॅकची (मोटर कुठे आहे ते कंट्रोलला कळवणारी) तार तुटली आहे, ते तिथल्या बिटवरून कळतं.

४४१ असेल तर ब्रेक पूर्ण सुटत नसावा. रोटरी हवेवर चालणारी असेल तर एफआरएलवरचा (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) दाब बघा, साधारण ५ ते ६ बार हवा. एमडीआयमध्ये (हाताने एकेक हुकूम द्यायचा मोड) अनक्लॅम्प, म्हणजे ब्रेक सोडायचा हुकूम द्या. बऱ्याच मशिनवर एम११ ने सुटतं आणि एम१० ने आवळतं, पण तुमच्या बिल्डरचं मॅन्युअल तेवढं बघून घ्या. सोलेनॉइडचा 'टक' आवाज आला, पण आतली हवा बाहेर पडल्याची फुस्स ऐकू आली नाही, तर व्हॉल्व्ह किंवा सायलेन्सर तुंबलाय. जुन्या कॉम्प्रेसरचं पाणी आणि तेल तिथेच साचतं.

४४० असेल तर फेसप्लेटवर (रोटरीच्या फिरत्या तोंडावर) डायल गेज लावून क्लॅम्प द्या. आवळताना काटा सरकला तर ब्रेक टेबलाला पिळतोय, आणि मोटर ते परत आणायला झगडतेय. क्लॅम्प डिस्कवर तेल, बुरा किंवा एकतर्फी झीज शोधा.

ब्रेक ठीक असेल तर केबल. ए ॲक्सिस स्थिर ठेवून एक्स ॲक्सिस या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू जॉग करा. ठरावीक जागी अलार्म आला तर केबल वाकणीवर आतून तुटली आहे. मेन बंद करून, ड्राइव्हवरचा चार्जचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग कनेक्टर उघडा. पिनांवर हिरवट थर दिसला तर कूलंट आत शिरलंय. दुसऱ्या ॲक्सिसशी केबल बदलून बघायचा मोह आवरा. फीडबॅकची राहिली आणि मोटरचीच बदलली तर ॲक्सिस सुसाट पळतो. ते काम जाणकाराचं.

शून्य (होम) चुकत असेल तर किती अंशांनी चुकतंय ते मोजा, कारण दोषाचं मूळ त्या आकड्यातच असतं. वर्म (टेबल फिरवणारा स्क्रूसारखा गिअर) १:९० चा असेल आणि मोटर थेट वर्मला जोडलेली असेल, तर मोटरच्या एका फेऱ्यात टेबल ४ अंश फिरतं. होम नेमकं ४ अंशांनी हुकलं तर डॉग (होमचा स्विच दाबणारा ठोकळा) सरकलाय किंवा होमचा स्विच चिकटतोय, त्यामुळे मोटर पुढच्या फेऱ्याची खूण पकडतेय. दरवेळी वेगळाच आकडा येत असेल तर कपलिंगचे स्क्रू ढिले आहेत.

राहिला बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना गिअरमध्ये जाणवणारा ढिलेपणा. सेंटरपासून १०० मिमी त्रिज्येवर डायल लावा, ब्रेक सोडा आणि हँडव्हीलने दिशा बदलून बघा. त्या त्रिज्येवर ०.०१७ मिमी म्हणजे जवळपास ०.०१ अंश. दर ४५ अंशांवर मोजा, एकाच जागी नको. वर्षानुवर्षं ०, ९०, १८०, २७० वर इंडेक्सिंग झालेलं असतं, म्हणून वर्म व्हील तिथेच जास्त झिजतं. आणि इथेच सगळे फसतात. झिजलेल्या जागी ढिलेपणा काढून वर्म बसवलं की ते मधल्या जागी जाम होतं आणि ४४१ परत हजर! ॲडजस्टमेंट सर्वांत घट्ट जागेवर करा. तेव्हाच साइट ग्लासही (तेल बघायची काच) बघा. तेल दुधाळ झालं असेल तर कूलंट सीलमधून आत गेलंय, नुसतं तेल बदलून भागणार नाही.

झिजलेल्या कोनांवर थोडा ढिलेपणा उरेलच. प्रोग्राममध्ये प्रत्येक कोनाला एकाच दिशेने या; उलट फिरायचं असेल तर २-३ अंश पुढे जाऊन परत या, आणि मगच क्लॅम्प द्या.