फुकट सॉफ्टवेअरसोबत घुसलेलं नको ते कसं काढायचं

फॉर्मला जोडायची पीडीएफ लहान करायला नाहीतर व्हिडिओचं एमपीथ्री करायला म्हणून कुठलंतरी फ्री सॉफ्टवेअर टाकलं, आणि आता क्रोम उघडलं की गूगलच्या जागी भलतंच सर्च पेज येतंय, कोपऱ्यात कोणतरी 'तुमचा पीसी स्लो आहे' म्हणून ओरडतंय, असं झालं असेल तर आधी दोन गोष्टी करू नका. एक, लगेच दुकानात नेऊन फॉरमॅट मारू नका. दोन, 'व्हायरस रिमूव्हर फ्री डाउनलोड' सर्च करून जे वर जाहिरातीत येईल ते टाकू नका, त्यातले बरेचसे त्याच जातकुळीतले असतात.

ही सॉफ्टवेअरं बहुतेक वेळा आपल्याच नेक्स्ट नेक्स्ट मधून आलेली असतात, त्यामुळे निघतातही साध्याच पद्धतीने. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स (विंडोज 10 ला ॲप्स अँड फीचर्स) मध्ये जा आणि लिस्ट तारखेप्रमाणे लावा. ज्या दिवशी ते सॉफ्टवेअर टाकलं त्याच तारखेला अजून काय काय आलंय ते लगेच दिसतं. टूलबार, सर्च, ऑप्टिमायझर, ड्रायव्हर अपडेटर, कूपन असली नावं असतील तर काढा. इंटेल, रिअलटेक, मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस यांना मात्र हात लावू नका, ते लागतं.

अनइन्स्टॉल करताना पण वाचा हं. 'नक्की काढायचं का' विचारताना मोठं रंगीत बटण ठेवून घेण्याचं असतं आणि काढायचं बारीक अक्षरात खाली. काही तर जाता जाता दुसरंच काहीतरी टाकायला विचारतात. प्रोग्रॅम चालू आहे म्हणून निघत नसेल तर टास्क मॅनेजरमधून बंद करा, तरी ऐकलं नाही तर सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतं चालू होतं तो मोड) जाऊन काढा.

मग ब्राउझर. लोक इथूनच सुरुवात करतात आणि मग म्हणतात परत परत येतंय, कारण मूळ प्रोग्रॅम तसाच बसलेला असतो. आधी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) बघा, ओळखीचं नाही ते रिमूव्ह. मग सर्च इंजिन, स्टार्टअप पेज, आणि नोटिफिकेशनला कुठल्या साइट्सना अलाउ केलंय ते, कारण ते कोपऱ्यातलं ओरडणं बऱ्याचदा व्हायरस नसून अशाच एखाद्या साइटची नोटिफिकेशन असते. सगळं एकेक करायचा कंटाळा आला तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये रिसेट करा, बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत. तरीही तेच पेज उघडलं तर डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि टार्गेटच्या ओळीत शेवटी कुठल्या साइटचा पत्ता चिकटवलाय का बघा. हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही. असेल तर तेवढा पत्ता खोडा.

शेवटी एकदा ॲडडब्ल्यूक्लीनर, म्हणजे असली नको ती सॉफ्टवेअरं शोधून काढणारं टूल, फिरवा. फुकट आहे, इन्स्टॉल पण करावं लागत नाही, पण 2016 पासून ते मालवेअरबाइट्स या कंपनीचं आहे त्यामुळे त्यांच्याच साइटवरून घ्या. स्कॅन, क्वारंटाइन (सापडलेलं बाजूला बंद करून ठेवणं), रिस्टार्ट.

आता परत येऊ नये म्हणून. इन्स्टॉल करताना 'एक्स्प्रेस' किंवा 'रेकमेंडेड' वर कधीच जायचं नाही, 'कस्टम' घ्यायचं, तिथे सोबतच्या जादा सॉफ्टवेअरना आधीच लावलेल्या टिक दिसतात, त्या काढायच्या. डिक्लाइनचं बटण मुद्दाम फिकट करतात, जणू दाबताच येत नाही, पण येतं. आणि मोठ्या कंपनीचं आहे म्हणून बिनधास्त राहू नका, जावासोबत आस्क टूलबार कित्येक वर्षं यायचा आणि फ्लॅश प्लेअरच्या पेजवर मॅकॅफीची टिक आधीच लावलेली असायची. डाउनलोड साइट्सचं तर विचारूच नका, 2015 मध्ये सोर्सफोर्जवर गिंप या फोटो एडिटिंगच्या फुकट सॉफ्टवेअरच्या विंडोज इन्स्टॉलरमध्येच जाहिराती घुसवल्या होत्या आणि गिंपवाल्यांनी जाहीर निषेध केला होता. म्हणून सॉफ्टवेअर ज्याने बनवलं त्याच्याच साइटवरून घ्यायचं. सॉफ्टवेअर एवढं मोठं आणि आलेली फाइल एक-दोन एमबीची असेल तर तो नुसता डाउनलोडर असू शकतो, जरा थांबा. व्हीएलसी, सेव्हन झिप असलं नेहमीचं बरंच नाइनाइट या साइटवरून एकत्र टाकता येतं, ते टूलबारला स्वतःच नाही म्हणतं.

विंडोज सिक्युरिटीमध्ये ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, मग रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज, तिथे 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' चालू आहे ना ते बघून घ्या.

आणि बऱ्याचदा ते सॉफ्टवेअर लागतच नसतं. मराठी टायपिंगसाठी कुठून कुठून झिप फाइली उतरवणारे अजून दिसतात, पण विंडोज 10 च्या 2019 मधल्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्लिश अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप केलं की मराठी उमटतं तो) आतच आहे. लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी ॲड करा, ऑप्शन्समध्ये जाऊन फोनेटिक कीबोर्ड निवडा, मग विंडोज की आणि स्पेसबार दाबून इंग्लिश-मराठी बदलत राहा.